दोन बहिणी, चार गुडघे: सांधेरोपणाच्या आकड्यांबद्दल एक खुले पत्र

प्रति,
सांधेरोपण करणाऱ्या शल्यविशारदांच्या संघटना
आणि आरोग्यसेवेचे नियोजन करणारे सर्व अधिकारी

विषय : कोणत्या भागात किती सांधे बदलले जातात, हे न मोजण्याबद्दल आणि न सांगण्याबद्दल

स. न. वि. वि.

मी एकतीस वर्षे फिजिओथेरपिस्ट म्हणून नोकरी केली. त्यातली निम्म्याहून जास्त वर्षे नुकताच गुडघा किंवा खुबा बदललेल्या माणसांना पलंगावरून उठवण्यात, वॉकर धरून चार पावले टाकायला लावण्यात आणि 'अजून थोडं वाकवा' म्हणत त्यांची बोलणी खाण्यात गेली. तुमच्यातल्या कित्येकांचे हातकाम मी टाके निघायच्या आधीपासून पाहिले आहे. तेव्हा हे पत्र शस्त्रक्रियेच्या विरोधात आहे असे कृपा करून समजू नका. जॉन चार्नली यांनी १९६२ साली राइटिंग्टनच्या रुग्णालयात खुब्याचा जो सांधा बसवायला सुरुवात केली, त्याने जगभरातल्या किती माणसांना पुन्हा चालते केले हे मला कोणी पटवून द्यायची गरज नाही. खुबा बदललेली बाई तिसऱ्या दिवशी 'अहो, ते आतलं दुखणं गेलंच की' म्हणून रडताना मी पाहिली आहे, एकदा नव्हे, अनेकदा.

पत्र लिहायला निमित्त झाले ते एका ओळीच्या उत्तराचे. मी संबंधित कार्यालयाला विचारले होते की, आपल्याकडे विभागवार, दर लाख लोकसंख्येमागे, वर्षाला किती गुडघे आणि किती खुबे बदलले जातात? सात आठवड्यांनी उत्तर आले: 'सदर माहिती विभागनिहाय संकलित केली जात नाही.' खाली सही, शिक्का, जावक क्रमांक. उत्तर पाठवल्याची नोंद ठेवली जाते, शस्त्रक्रियांची नाही.

हा प्रश्न मला का पडला, ते आधी सांगते.

माझी ताई माझ्याहून चार वर्षांनी मोठी आहे आणि दुसऱ्या विभागात राहते. आमच्या दोघींचे पाय एकाच साच्यातले, गुडघ्यात किंचित बाहेर वाकलेले, त्यामुळे आतल्या बाजूची गादी आधी झिजलेली. तीन वर्षांपूर्वी दोघींचे एक्स-रे मी खिडकीच्या काचेवर शेजारी शेजारी धरले. झीज मोजायला आम्ही केलग्रेन आणि लॉरेन्स यांची १९५७ सालची श्रेणी अजूनही वापरतो, शून्य ते चार. दोघीही तीनवर. कोपऱ्यातली नावे अंगठ्याने झाकली असती तर कोणती फिल्म कोणाची हे मलाही सांगता आले नसते.

ताईला दुखायचे, पण बरेच अंतर चालल्यावर, आणि बसले की थांबायचे. तिच्या भागात तिला पहिल्याच भेटीत तारीख मिळाली. 'गादी राहिलेलीच नाही. दोन्ही एकदम करून टाकू, म्हणजे परत यायला नको.' ताई म्हणते, मी खुर्चीत नीट टेकलेही नव्हते. डावा गुडघा झकास झाला. उजवा अडकला. मी स्वतः गोनिओमीटर (सांध्याचा कोन मोजायची पट्टी) लावून मोजला आहे, पंच्याऐंशी अंश वाकतो, त्यापुढे एक अंशही जात नाही. जिना उतरायला साधारण नव्वद ते शंभर अंश लागतात. म्हणून ती जिना उलटा उतरते, तोंड वरच्या पायऱ्यांकडे करून, दोन्ही हातांनी कठडा धरून. शस्त्रक्रियेच्या आधी ती सरळ उतरत होती.

माझे नेमके उलटे आहे. मी रात्री तीनच्या सुमारास उठून बसते. कूस बदलताना उजवा गुडघा आतून कोणीतरी पिळल्यासारखा होतो. मग पलंगाच्या कडेला पाय सोडून बसायचे आणि उजाडायची वाट पाहायची. माझ्या भागात मला तीन वर्षे एकच वाक्य ऐकायला मिळते आहे: 'वय तसं कमी आहे, वजन उतरवा, मग बघू.' वय एकसष्ट.

आम्हा दोघींना मिळालेले डॉक्टर हुशार होते आणि आपापल्या परीने प्रामाणिकही होते. मात्र 'तुम्हाला काय हवंय?' हा प्रश्न दोघींपैकी एकीलाही कोणी विचारला नाही. ताईला विचारले असते तर ती म्हणाली असती, थोडे थांबू. मला विचारले असते तर मी म्हणाले असते, उद्या करा.

हे आमच्या घरापुरते असते तर मी पत्र लिहिले नसते. पण हा प्रकार जुना आहे, जगभरचा आहे, आणि तुम्हाला तो माझ्यापेक्षा चांगला माहीत असायला हवा.

१९३८ साली इंग्लंडमध्ये ॲलिसन ग्लोव्हर यांनी शाळकरी मुलांच्या टॉन्सिलच्या शस्त्रक्रिया मोजल्या. एका भागातून दुसऱ्या भागात गेले की आकडा कुठच्या कुठे जायचा. हवामान, गर्दी, गरिबी, कशाशीच मेळ बसेना. हॉर्न्सी या एका ठिकाणी १९२८ साली १८६ मुलांच्या टॉन्सिल काढल्या गेल्या आणि १९२९ साली १२. मुलांचे घसे एका वर्षात बदलले नव्हते. शाळांचा वैद्यकीय अधिकारी बदलला होता.

पुढे १९७३ साली जॉन वेनबर्ग आणि ॲलन गिटेलसन यांनी अमेरिकेतल्या व्हर्माँट या छोट्या राज्यात तेच पाहिले. टॉन्सिलच्या शस्त्रक्रियांचे प्रमाण कुठे दहा हजारांमागे १३, तर कुठे १५१. वेनबर्ग यांनी उरलेले आयुष्य या एका कोड्याला वाहिले. १९९६ पासून डार्टमाउथ ॲटलास, म्हणजे आरोग्यसेवेतल्या तफावतीचा नकाशासंग्रह, निघू लागला, त्यात अमेरिकेचे ३०६ विभाग पाडून प्रत्येकाचे आकडे उघड मांडले गेले. गुडघे आणि खुबे त्यात आहेतच. वेनबर्ग यांनी यासाठी एक शब्द वापरला, त्याचे मराठी मी 'भागाची सही' असे करते. एखाद्या भागात गुडघे जास्त बदलले जात असतील तर ते वर्षानुवर्षे जास्तच राहतात. सही बदलत नाही, पेशंट बदलले तरी.

'आमच्याकडे म्हातारी माणसं जास्त', 'आमच्याकडे झीजच जास्त', हे उत्तर तुम्ही देणार हे मला ठाऊक आहे. त्याची परीक्षा कशी घ्यायची तेही याच लोकांनी दाखवून दिले. वय आणि लिंग जुळवून घेऊन आकडे काढायचे, आणि शेजारी खुब्याच्या फ्रॅक्चरचे आकडे ठेवायचे. खुबा मोडलेला माणूस घरी थांबत नाही. त्याचे निदान चुकत नाही, आणि दाखल करायचे की नाही यावर दोन डॉक्टरांत वाद होत नाही. म्हणून त्या दाखल्यांचा आकडा भागाभागांत फारसा हलत नाही. जो हलतो तो बहुधा खऱ्या आजारामुळे. खुबा बदलण्याचा आकडा त्याहून जास्त हलतो, गुडघ्याचाही तसाच, आणि मणक्याच्या शस्त्रक्रियेचा सगळ्यांत जास्त. २००४ साली वाइनस्टीन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे चढते माप मांडले. जिथे डॉक्टरचे मत जास्त चालते तिथे नकाशा जास्त रंगीबेरंगी दिसतो. आजारच कारण असता तर फ्रॅक्चरचा नकाशाही तसाच दिसला असता.

२०१४ साली ओईसीडीने, म्हणजे प्रामुख्याने श्रीमंत देशांच्या आर्थिक संघटनेने, तेरा देशांचा अभ्यास प्रसिद्ध केला. गुडघेरोपणाच्या दरात देशादेशांत चौपटीहून जास्त फरक निघाला, आणि एकेका देशाच्या आतही दुपटी-तिपटीचा, काही देशांत त्याहून मोठा. जर्मनीत जिल्ह्याजिल्ह्यांत तिपटीपर्यंत तफावत दिसली. हे सगळे विम्याचे संरक्षण असलेले, रुग्णालयांची वाण नसलेले देश आहेत.

मग फरक कशाने पडतो? कॅनडातल्या ऑन्टारिओ प्रांतात राइट आणि सहकाऱ्यांनी १९९९ साली नेमके हेच तपासले: लोकांचे वय, आजार, सर्जनची संख्या, फॅमिली डॉक्टरांची मते, सगळे. बदलता येण्याजोग्या कारणांत सर्वांत वजनदार निघाले ते त्या भागातल्या ऑर्थोपेडिक सर्जनचा उत्साह. उत्साह हा शब्द माझा नाही, त्यांचाच आहे. मी तो वाचला तेव्हा मला ताईचे 'खुर्चीत टेकलेही नव्हते' आठवले.

आता माझ्या तक्रारी. क्रमाने मांडते, पण सगळ्या सारख्या वजनाच्या नाहीत.

पहिली आणि सर्वांत मोठी तक्रार: तुम्ही मोजत नाही, आणि जे मोजतात तेही अर्धेच मोजतात. स्वीडनने गुडघ्यांची नोंदवही १९७५ साली सुरू केली आणि खुब्यांची १९७९ साली. नॉर्वेने १९८७, ऑस्ट्रेलियाने १९९९, इंग्लंड-वेल्सने २००३. कोणता सांधा किती वर्षे टिकला, कोणता लवकर सैल झाला, हे आज जगाला कळते ते या वह्यांमुळे. जिथे अशी सक्तीची नोंद नाही, तिथे एखादा इम्प्लांट (बसवलेला कृत्रिम सांधा) वाईट निघाला तर तो कोणाकोणाच्या पायात आहे हे शोधायलाच मार्ग नाही. हे झाले बदललेल्या सांध्यांचे. पण कोणत्याही नोंदवहीत माझे नाव नाही. ऑपरेशन थिएटरच्या दारापर्यंत पोचलेल्यांचीच नोंद होते. रात्री तीनला पलंगाच्या कडेला बसलेल्यांची होत नाही. त्यामुळे जिथला दर कमी, तिथे लोक सुखी आहेत की अडून पडले आहेत, हे कळायला वाव नाही.

ऑन्टारिओतच हॉकर यांच्या गटाने २००१ साली हे अर्धे चित्र पुरे केले. त्यांनी जास्त दराचा एक भाग आणि कमी दराचा एक भाग घेतला, आणि रुग्णालयात न जाता लोकवस्तीतच ५५ वर्षांवरच्या लोकांना विचारले: दुखते किती, अडते काय, आणि शस्त्रक्रिया करून घ्यायची तयारी आहे का? दोन्ही भागांत गरज असूनही शस्त्रक्रिया न झालेली माणसे भरपूर सापडली. आणि सांध्यांची गंभीर झीज असलेल्यांतही 'होय, नक्की करून घेईन' म्हणणारे शंभरात पंधराहून जास्त नव्हते. हा आकडा मी पुन्हा पुन्हा वाचला. एकतीस वर्षे मी फक्त हो म्हणालेल्यांना भेटत होते. बाकीचे पंच्याऐंशी कुठे होते, त्यांना कोणी काय सांगितले होते, त्यांची भीती खरी होती की ऐकीव, हे माझ्याही डोक्यात कधी आले नव्हते.

दुसरी तक्रार: कमी दराचा भार कोणावर पडतो, याकडे तुम्ही पाहत नाही. याच ऑन्टारिओच्या पाहणीतून २००० साली आधीच दिसले होते की, गरज असून शस्त्रक्रिया न होण्याचे प्रमाण बायकांमध्ये पुरुषांच्या तिपटीहून जास्त आहे. बायकाच नको म्हणतात, असे सांगून सुटता येईल असे तुम्हाला वाटेल. २००८ साली बोर्खॉफ आणि सहकाऱ्यांनी ती पळवाटही बंद केली. एक पुरुष आणि एक बाई, दोघांच्या गुडघ्याची झीज सारखी, दोघांनी सांगायची हकिगत शब्दशः सारखी पाठ केलेली. त्यांना ७१ डॉक्टरांकडे पाठवले. पुरुषाला गुडघा बदलायचा सल्ला ६७ टक्के डॉक्टरांनी दिला, बाईला ३३ टक्के.  अमेरिकेत वृद्धांसाठीच्या सरकारी विम्याचे १९९८ ते २००० चे आकडे पाहिले तर गोऱ्या पुरुषांत वर्षाला हजारी ४.८२ गुडघे बदलले गेले, काळ्या पुरुषांत १.८४, विमा एकच. इंग्लंडमध्येही २०१० च्या अभ्यासात गरिबांच्या वस्त्यांत गरजेच्या मानाने शस्त्रक्रिया कमी आढळल्या. ज्याला गरज जास्त त्याला सेवा कमी, हा 'उलटा नियम' ज्युलियन ट्यूडर हार्ट यांनी १९७१ सालीच लिहून ठेवला होता. पन्नास वर्षे झाली.

तिसरी तक्रार जास्त दराबद्दल. ताईसारख्यांबद्दल. अमेरिकेतल्या एका अभ्यासात, २०१४ साली, गुडघा बदलून झालेल्या १७५ जणांच्या आधीच्या तपासण्या निकषांना लावून पाहिल्या. ४४ टक्के योग्य ठरल्या, ३४ टक्के अयोग्य, बाकीच्यांचे सांगता येईना. सगळे निकष देवाने लिहिलेले नसतात हे मान्य; मी स्वतः त्या ३४ मधल्या काहींना हसत घरी जाताना पाहिले असेल. पण गुडघा बदललेल्यांपैकी साधारण पाचातला एक जण समाधानी नसतो, हे वेगवेगळ्या देशांतून वारंवार आलेले आहे, आणि ज्याला आधी फारसे दुखतच नव्हते त्याच्या हाती समाधान लागणार तरी कोठून? शिवाय वय. सत्तरीनंतर बदललेला सांधा पुन्हा बदलावा लागण्याची शक्यता आयुष्यभरात शंभरात साधारण पाच. पन्नाशीच्या सुरुवातीला गुडघा बदलणाऱ्या पुरुषांत तीच शक्यता पस्तीसपर्यंत जाते. हे ब्रिटनमधले, २०१७ साली प्रसिद्ध झालेले आकडे. रेव्हिजनचे, म्हणजे बदललेला सांधा पुन्हा बदललेले, पेशंट मी सांभाळले आहेत. पहिल्या वेळी तीन आठवड्यांत जे जमते त्याला दुसऱ्या वेळी तीन महिने लागतात, आणि माणूस पहिल्यासारखा हुरूप घेऊन येत नाही.

जास्त आणि कमी यांची बेरीज होऊन सरासरी बरी दिसते, हाच धोका आहे. २०२० साली घोमरावी आणि सहकाऱ्यांनी एकाच पाहणीत दोन्ही बाजू दाखवल्या: ज्यांना फायदा झाला असता त्यातल्या ९० टक्क्यांनी फार उशीर केला होता, आणि ज्यांचे गुडघे बदलले गेले त्यातल्या साधारण चौथ्या हिश्शाचे फार लवकर बदलले गेले होते. मी आणि ताई. एकाच तक्त्यात.

चौथी तक्रार करताना मला स्वतःच्या धंद्याकडेही बोट दाखवावे लागते. शस्त्रक्रियेआधी व्यायाम करून पाहा, असे सगळे म्हणतात. प्रत्यक्षात काय मिळते? झेरॉक्सची झेरॉक्स काढून पुसट झालेला एक कागद. त्यावर काडीसारखी माणसे, कोणता पाय वर आणि कोणता खाली तेही दिसत नाही, आणि खाली 'दिवसातून तीन वेळा दहा-दहा'. असे कागद मी स्वतः शेकड्यांनी वाटले आहेत. पेशंट परत येऊन म्हणायचा, 'व्यायाम केले, काही उपयोग नाही', आणि आम्ही नोंद करायचो: व्यायामाने फरक नाही. डेन्मार्कमध्ये नीट केलेला व्यायाम कसा असतो ते पाहण्यासारखे आहे. २०१३ पासून तिथे प्रशिक्षित फिजिओच्या देखरेखीखाली आठवड्यातून दोनदा वर्ग चालतात, आधी समजावून सांगण्याच्या बैठका असतात आणि शेवटी मोजमाप होते. तिथल्याच २०१५ च्या चाचणीत गुडघा बदलण्यास पात्र असलेले शंभर जण घेतले. निम्म्यांना शस्त्रक्रिया आणि मग व्यायाम, निम्म्यांना नुसते व्यायाम, आहार, इनसोल, औषधे. वर्षाने पहिल्या गटातल्या ८५ टक्क्यांना चांगला फरक पडला होता, दुसऱ्या गटातल्या ६७ टक्क्यांना. दुसऱ्या गटातल्या पन्नासांपैकी तेरा जणांनी वर्षाच्या आत शस्त्रक्रिया करून घेतली. सदतीस जणांना तोवर लागली नव्हती. गंभीर त्रास मात्र शस्त्रक्रियेच्या गटात जास्त.

हे आकडे शस्त्रक्रिया जिंकली असेही सांगतात आणि व्यायाम जिंकला असेही. दोन्ही खरे आहे. ८५ आणि ६७ मधला फरक, त्यासाठी पत्करायचा धोका आणि महिन्याभराचे पडून राहणे, यांचे वजन कोणी करायचे? ज्याचा गुडघा आहे त्याने. आणि ते करायला त्याच्यासमोर हे दोन आकडे कोणीतरी ठेवायला हवेत. अमेरिकेत वॉशिंग्टन राज्यातल्या एका आरोग्यसंस्थेने एवढेच केले: पेशंटला आधी माहितीची फिल्म आणि पुस्तिका दिली. २०१२ साली आलेल्या निकालात सहा महिन्यांत खुब्याच्या शस्त्रक्रिया २६ टक्क्यांनी आणि गुडघ्याच्या ३८ टक्क्यांनी कमी झाल्या होत्या. दुसरीकडे हेच केले तर आकडा वाढेलही. जिथे माझ्यासारख्या बायका ताटकळत आहेत तिथे तो वाढायलाच हवा.

पाचवी तक्रार छोटी आहे पण मला बोचते. वजनाचा आणि वयाचा उंबरठा. वजन जास्त म्हणून सर्जनकडे चिठ्ठीच द्यायची नाही, ही पद्धत अनेक ठिकाणी खर्च आवरायला वापरली जाते. धोका समजावून सांगणे वेगळे आणि दारच न उघडणे वेगळे. इंग्लंडच्या 'नाइस' या संस्थेने २०२२ साली स्पष्ट लिहिले की वय, लिंग, धूम्रपान, इतर आजार किंवा जास्त वजन यांच्या कारणावरून कोणालाही सांधेरोपणासाठी पाठवणे नाकारू नये. ज्याला चार पावले टाकता येत नाहीत त्याला 'आधी चालून वजन उतरवा' म्हणणाऱ्याने एकदा गुडघ्याला पट्टा आवळून तीन मजले चढून पाहावेत.

तर माझ्या मागण्या.

विभागवार दर दरवर्षी जाहीर करा. दर लाख लोकसंख्येमागे, वय-लिंग जुळवून, गुडघा वेगळा, खुबा वेगळा, आणि शेजारच्या रकान्यात खुब्याच्या फ्रॅक्चरचा दर. इंग्लंडने २०१० पासून आणि ऑस्ट्रेलियाने २०१५ पासून आरोग्यसेवेतल्या तफावतीचे ॲटलास काढले आहेत. हे अशक्य काम नाही. जाहीर करण्याआधी प्रत्येक सर्जनला त्याचा स्वतःचा आकडा बंद पाकिटात द्या, माझी हरकत नाही. बहुतेकांना तो ठाऊकच नसतो आणि कळल्यावर धक्का बसतो, असा माझा अंदाज आहे.

प्रत्येक सांधेरोपणाची नोंद सक्तीची करा, आणि तीत इम्प्लांटसोबत पेशंटने स्वतः भरलेले आधीचे आणि नंतरचे गुण हवेत. इंग्लंडमध्ये २००९ पासून हे होते आहे. एक्स-रेवरची श्रेणी पुरेशी नाही. तीन श्रेणीच्या दोन बहिणी मी वर दाखवल्या.

काही वर्षांतून एकदा तरी रुग्णालयाबाहेरच्या लोकांना विचारा. थोड्या घरांत विचारले तरी चालेल. त्याशिवाय कोणता दर बरोबर हे कोणीच सांगू शकणार नाही, मीही नाही. 'जास्त दराच्या भागांनी कमी करा' असा फतवा काढाल तर त्यात पहिल्यांदा ज्यांचे कोणी ऐकत नाही तेच गाळले जातील. म्हणून मी कोणताही कोटा मागत नाही.

शस्त्रक्रियेची तारीख देण्याआधी पेशंटला माहिती आणि घरी जाऊन विचार करायला वेळ द्या. 'शस्त्रक्रिया केल्यास काय, न केल्यास काय' हे त्याच्या भाषेत, आकड्यांसह. ज्याला हवे त्याला दुसऱ्या सर्जनचे मत हक्काने मिळू द्या. जर्मनीत गुडघ्यासाठी हा हक्क २०२१ पासून आहे.

देखरेखीखालचा व्यायाम सगळ्यांच्या आवाक्यात आणा. पण तो रांग लांबवायचा बहाणा होऊ देऊ नका. बारा आठवडे, मोजमाप, आणि मग पेशंट म्हणेल ते.

वय आणि वजन यांचे उंबरठे काढा.

या पत्राला उत्तर देताना 'संकलित केली जात नाही' हे वाक्य पुन्हा पाठवू नका, ते माझ्याकडे आहे.

पुढच्या महिन्यात माझी पुन्हा तारीख आहे. या वेळी मी एक्स-रे पिशवीतच ठेवणार आहे आणि आधी एक कागद टेबलावर ठेवणार आहे. गुडघ्याची ऑक्सफर्ड प्रश्नावली, बारा प्रश्न, प्रत्येकाला शून्य ते चार, पूर्ण चांगल्या गुडघ्याचे अठ्ठेचाळीस. मी काल रात्री सव्वातीनला भरली, जागीच होते. बेरीज सतरा. ताईलाही फोनवर विचारून तिची शस्त्रक्रियेआधीची आठवणीने भरून घेतली. तिची तेहतीस होती. आठवणीतले गुण फारसे विश्वासाचे नसतात हे मला कळते, पण त्या वेळी ते कोणी लिहूनच घेतले नव्हते. तुमच्या केसपेपरवर हा आकडा लिहायला रकाना आहे का, तेवढे पहिल्यांदा कळवा.

आपली,
एक निवृत्त फिजिओथेरपिस्ट
(दोन्ही गुडघे अद्याप स्वतःचेच)